सक्शन ओढत नाही, पिक्चर लाल होतंय: मणक्याच्या छोट्या छेदाच्या शस्त्रक्रियेतला पाण्याचा नेहमीचा घोळ

हे लिखाण ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन, स्क्रब सिस्टर आणि फ्लोअरवर धावपळ करणाऱ्या मंडळींसाठी आहे. सर्जन म्हणतात "सक्शन बघा", तीन जण तीन दिशांना धावतात, कुणी जार बदलतं, कुणी ओढ कमीजास्त करणारा रेग्युलेटर पूर्ण फिरवतं, कुणी सलाईनची पिशवी आणखी वर टांगतं. पाच मिनिटांनी काहीतरी होऊन सुरू होतं, पण नेमकं काय बिघडलं होतं ते कुणालाच कळत नाही. म्हणून पुढच्या केसला तोच प्रकार पुन्हा.

आधी एक फरक लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ट्यूब्युलर रिट्रॅक्टर बसवून मायक्रोस्कोपखाली काम चालतं तेव्हा जागा हवेत उघडी असते. तिथे पाणी अधूनमधून धुण्यापुरतं आणि ड्रिल थंड ठेवण्यापुरतं, खरं काम सक्शनचं. एंडोस्कोपीत, मग ती एका छिद्राची असो वा दोन छिद्रांची यूबीई (युनिलॅटरल बायपोर्टल एंडोस्कोपी), काम पाण्याखाली चालतं. तिथे पाणी सतत आत येतं आणि सतत बाहेर पडतं. पहिल्या प्रकारात बिघाड झाला तर वेळ जातो. दुसऱ्या प्रकारात पाणी आत कोंडलं तर पेशंटला इजा होऊ शकते.

लक्षणं

ट्यूबमधल्या कामात: टीप रक्ताला टेकवली तरी तळं तसंच राहतं. सक्शनचा नेहमीचा "स्स" आवाज बारीक होतो किंवा बंद पडतो. धुतल्यावर थोडा वेळ चालतं, ड्रिल फिरलं की पुन्हा चोक. काही वेळा ओढ दाखवणाऱ्या गेजचा काटा झकास वर असतो आणि टीपेला मात्र काडीची ओढ नसते.

एंडोस्कोपीत: पिक्चर आधी गुलाबी, मग लाल. हाडाचे कण, चरबीचे तुकडे समोर तरंगत राहतात, निघून जात नाहीत. आरएफ प्रोबचे (रेडिओफ्रिक्वेन्सीने रक्त थांबवणाऱ्या सळईचे) बुडबुडे लेन्सपुढे अडकतात. पोर्टलभोवतीची, म्हणजे छिद्राभोवतीची, कातडी फुगून टणक लागते. आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारं लक्षण म्हणजे पिशवी भरलेली, क्लँप उघडा, तरी ड्रिप चेंबरमधली धार मंदावलेली किंवा थांबलेली. हे दिसलं की पिशवीकडे नाही, पाणी बाहेर पडायच्या वाटेकडे बघा. बाहेर जायला जागा नसली की आत येणारंही थांबतं.

कशालाही हात लावण्याआधी: गेज वाचा

याला खर्च शून्य आणि वेळ अर्धा मिनिट. स्क्रबला सांगा, टीप नळीपासून सोडव आणि नळीचं तोंड मोकळं धर. काटा झटकन खाली यायला हवा आणि हवा ओढल्याचा मोठा आवाज यायला हवा. तसं झालं तर नळी, जार, भिंत सगळं ठीक आहे, दोष टीपेत आहे. नळी मोकळी असूनही काटा वरच बसून राहिला, तर गेज आणि नळीचं तोंड यांच्यामध्ये कुठेतरी वाट बंद आहे. काटा वर असणं म्हणजे ओढ चांगली असा समज फार पक्का रुजलेला आहे. वाट बंद असली की काटा वरच राहतो, कारण आत हवाच येत नाही.

आता उलटी चाचणी. नळीचं तोंड अंगठ्याने बंद करा. काटा ठरवलेल्या आकड्यापर्यंत चढला पाहिजे. चढत नसेल तर कुठेतरी हवा गळतेय किंवा मागूनच ओढ कमी आहे. हे दोन्ही वेगळे करायला फ्लोअरवरच्या माणसाने रेग्युलेटरमधून निघणारी छोटी नळी तिथेच मुडपून धरावी. काटा चढला तर गळती जारच्या बाजूला. तरीही चढला नाही तर रेग्युलेटर किंवा भिंतीतली लाईन, आणि ते काम आपलं नाही.

एवढं झालं की निम्मं शोधकार्य संपतं. आता स्वस्तापासून महागाकडे जाऊ.

१. टीपेवरचं अंगठ्याचं छिद्र

फ्रेझियर पद्धतीच्या टीपेच्या दांड्यावर थेंबाच्या आकाराचं छिद्र असतं. ते उघडं ठेवलं की हवा तिथूनच शिरते आणि टोकाशी ओढ नावापुरती राहते. अंगठ्याने झाकलं की पूर्ण ओढ टोकाला. नवीन असिस्टंट असेल, ग्लोव्हचं बोट सैल असेल, तर छिद्र अर्धवट झाकलं जातं आणि सक्शन बिघडल्याची हाकाटी होते. बघायला दोन सेकंद लागतात, म्हणून सगळ्यात आधी हेच.

पण हे छिद्र चिकटपट्टी लावून कायमचं बुजवण्याची आयडिया कुणी काढली तर सरळ नकार द्या. टोक ड्युराला (मज्जारज्जूवरचं आवरण) किंवा नर्व्ह रूटला (मज्जातंतूचं मूळ) चिकटलं तर अंगठा उचलून क्षणात ओढ तोडता यावी, यासाठीच ते ठेवलेलं आहे. नाजूक जागी सक्शन पॅटीवरून (दोरा लावलेला कापसाचा छोटा तुकडा) करतात तेही याचसाठी.

२. नळी

भिंतीपासून टेबलापर्यंत हाताने नळीचा माग काढा. नुसतं नजरेने नको, ड्रेपखाली दिसत नाही. ठरलेल्या जागा: सी-आर्मचं चाक, टॉवेल क्लिपचा चिमटा, टेबल वरखाली केल्यावर पडलेला मुडपा, ड्रेपच्या खिशात झालेला पीळ. स्वस्तातली मऊ नळी पूर्ण ओढीवर स्वतःच चपटी होते. रेग्युलेटर वाढवला की ओढ कमी होते असा उलटा प्रकार दिसला तर नळी बदला.

एकाच जारवरून वाय कनेक्टर लावून दोन सक्शन चालवत असाल तर दुसऱ्या नळीचं तोंडही बघा. ते ड्रेपवर उघडं पडलेलं असेल तर सगळी हवा तिथूनच जाणार. मणक्याच्या केसला शक्य असेल तिथे दोन सक्शन दोन वेगळ्या रेग्युलेटरवर ठेवा.

३. जार

एंडोस्कोपीत पाणी लिटरांनी वापरलं जातं. तीन लिटरच्या पिशव्या एकामागून एक संपतात आणि ते सगळं कुठेतरी जमा होणार. जार भरला की आतला फ्लोट उठून झडप बंद करतो, किंवा झाकणातला फिल्टर भिजून हवेची वाट बंद होते. हा बिघाड नव्हे. द्रव भिंतीतल्या लाईनमध्ये जाऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. भिजलेला फिल्टर पुसून, वाळवून परत चालत नाही, झाकण बदलावंच लागतं. रक्त मिसळलेल्या पाण्याला फेस फार येतो आणि जार अर्धा असतानाच तो फेस फिल्टरपर्यंत पोचतो. "जार तर रिकामा आहे" म्हणत लोक पुढे जातात, म्हणून झाकण खालून बघा.

झाकणावरची तोंडं तपासा: पेशंटकडची नळी पेशंटच्याच तोंडाला, व्हॅक्यूमची व्हॅक्यूमलाच. जादा तोंडाचं बूच निघालेलं असणं हे गळतीचं मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण आहे. झाकण चारी बाजूंनी दाबून बसवा. मोठ्या केसला जार साखळीने जोडून ठेवले तर मधेच बदलाबदली करावी लागत नाही.

जाता जाता, जारमधला आकडा आणि वापरलेलं पाणी दोन्ही लिहून ठेवा. जारमधल्या एकूण द्रवातून धुण्याचं पाणी वजा केल्याशिवाय रक्तस्रावाचा अंदाज भूलतज्ज्ञांना येत नाही. ड्रेपमधून जमिनीवर सांडलेलं पाणी या हिशेबात येत नाही, हेही सांगा.

४. टीप चोक

ट्यूबमधल्या कामात खरा गुन्हेगार बहुधा हाच. ड्रिलने निघालेला हाडाचा भुसा रक्तात कालवला की त्याची दाट लापशी होते आणि ती टीपेच्या बाकात बसते. लांब, बॅयोनेटसारख्या टीपा आतून अरुंद आणि वाकलेल्या, त्यामुळे त्याच आधी अडतात.

टीपेचा फ्रेंच आकडा बाहेरचा व्यास सांगतो, १ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. १२ नंबर ४ मिलिमीटरचा, ८ नंबर सुमारे २.७ मिलिमीटरचा. आतली पोकळी याहून लहान. द्रव सुरळीत वाहत असेल तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, म्हणजे आतला व्यास निम्मा झाला की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. सक्शनमध्ये हवा, रक्त, कण एकत्र जात असल्याने आकडा तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा तीच. आतून साचलेला पातळ थरसुद्धा भारी का पडतो ते यावरून कळतं. उलट ओढ वाढवायला मर्यादा आहे: समुद्रसपाटीला हवेचा दाबच ७६० मिमी पारा, त्यापलीकडे कुठलंच यंत्र ओढू शकत नाही. रेग्युलेटर फिरवून अरुंद टीपेवर मात होत नाही, आणि ड्युराजवळ जादा ओढ ही जोखीमच.

उपाय, याच क्रमाने. टीप जखमेबाहेर आणून बाऊलमधलं सलाईन ओढा, बऱ्याचदा एवढ्याने सुटते. नाही सुटली तर टीपेसोबत येणारी तार घाला. तारेचं काम नेहमी जखमेपासून दूर, नळी काढून. तरीही नाही तर सिरिंजने पाणी मारा, तोंड भांड्यात धरून, फील्डकडे कधीच नाही. तेवढ्यानेही नाही सुटली तर दुसरी टीप द्या आणि अडकलेली बाजूला ठेवा. चालू केसमध्ये टीपेशी कुस्ती खेळण्यात अर्थ नसतो. मी दोन टीपा उघडूनच ठेवतो, एक टेबलावर, एक बाऊलमध्ये.

चोक होऊच नये म्हणून ड्रिलचा प्रत्येक फेरा संपला की स्क्रबने टीप सलाईनमध्ये बुडवून एक घोट ओढून घ्यावा. बरवर (ड्रिलचं फिरणारं टोक) पाण्याची धार नीट पडतेय का तेही बघा. ते पाणी भुसा पातळ ठेवतं आणि हाडही थंड ठेवतं. ४७ अंश सेल्सियस तापमान मिनिटभर टिकलं तरी हाडाच्या पेशींना इजा होते. बोन वॅक्सचे (हाडातलं रक्त थांबवणाऱ्या मेणाचे) तुकडे, जेलफोम, रक्त थांबवायची पेस्ट बारीक टीपेने ओढू नका, त्यासाठी जाड टीप घ्या. पॅटीचा दोरा टीपेत गेला तर ओढून तोडू नका. अंगठा उचला, ओढ तुटू द्या, मग पॅटी सोडवा आणि मोजणीत धरा.

५. पाणी आत येण्याची बाजू

इथून पुढे एंडोस्कोपी. पिशवी रिकामी आहे का, रोलर क्लँप उघडा आहे का, स्पाईक पूर्ण आत आहे का, स्कोपच्या शीथवरचा (बाहेरच्या नळीवरचा) स्टॉपकॉक कुठल्या बाजूला आहे. कडक बाटली असेल तर तिला हवेची वाट लागते, मऊ पिशवीला लागत नाही. दोन पिशव्यांचा वाय सेट लावा आणि एक संपायच्या आत दुसरी उघडा, म्हणजे लाईनमध्ये हवा शिरत नाही. द्रव ०.९ टक्के सलाईनच. साठा संपला म्हणून साधं डिस्टिल्ड वॉटर लावायचं नाही, त्याने रक्तपेशी फुटतात आणि उघड्या ऊतींनाही ते घातक.

मग उंची. १ मिमी पारा म्हणजे सुमारे १.३६ सेंटीमीटर पाणी. बऱ्याच ठिकाणी दाब ३० मिमी पाऱ्याच्या आसपास ठेवतात, तो मिळायला पाण्याची पातळी शस्त्रक्रियेच्या जागेपेक्षा सुमारे ४१ सेंटीमीटर वर लागते. उंची मोजायची पेशंटच्या पाठीपासून, जमिनीपासून नाही. टेबल वर घेतलं की दाब उतरतो, खाली घेतलं की चढतो, आणि स्टँडला कुणी हात लावलेला नसतो.

पाणी वाहत असताना नळीत आणि स्कोपमध्ये दाब खर्च होतो, त्यामुळे आतला प्रत्यक्ष दाब पिशवीच्या उंचीपेक्षा कमी असतो. म्हणून पिशवी उंच टांगली तरी काही होत नाही असं वाटत राहतं. पण बाहेरची वाट बंद झाली, वाहणं थांबलं, की उंचीचा सगळा दाब आत लागतो. पिशवी एक मीटरवर असेल तर तो ७४ मिमी पारा. लाल पिक्चर बघून पिशवी वर चढवणं धोक्याचं का, ते या आकड्यात आहे. प्रेशर बॅग फुगवून पाणी ढकलणं तर त्याहून वाईट, तिथे दाब किती चढेल यावर आपला ताबाच उरत नाही.

पंप वापरत असाल तर पडद्यावर कुठला प्रोग्रॅम आहे ते वाचा. तोच पंप गुडघ्याच्या आर्थ्रोस्कोपीला जात असेल तर आदल्या केसचं सेटिंग तसंच राहिलेलं असू शकतं, आणि गुडघ्याचे दाब मणक्याला चालत नाहीत.

६. पाणी बाहेर जाण्याची बाजू

पिक्चर लाल होण्यामागे माझ्या पाहण्यात पाणी कमी येण्यापेक्षा पाणी बाहेर न जाणं जास्त वेळा असतं. ओळखायला सोपं: बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे बघा. भरपूर पडतंय आणि लालभडक आहे, तर आत कुठेतरी खरोखर रक्तस्राव आहे, तो सर्जन आरएफने किंवा बोन वॅक्सने थांबवतील. भूलतज्ज्ञांना रक्तदाब विचारा, तो चढलेला असला की सगळीकडून पाझरतं. पण बाहेर जेमतेम ठिपकतंय आणि आत लाल आहे, तर वाट बंद आहे.

दोन छिद्रांच्या पद्धतीत पाणी स्कोपच्या छिद्रातून आत येतं आणि कामाच्या छिद्रातून बाहेर पडतं. कातडीवरचा छेद पुरेसा असला तरी खालच्या फेशियाचा (स्नायूवरच्या आवरणाचा) छेद तोकडा असतो, किंवा इन्स्ट्रुमेंट काढलं की स्नायू घसरून वाट झाकतो. अर्धनळीसारखा रिट्रॅक्टर किंवा शीथ घातलेला असेल तर तो सरकला आहे का ते बघायला सांगा. एका छिद्राच्या पद्धतीत जाड फोर्सेप्स वर्किंग चॅनेलमध्ये असताना बाजूची जागा फार थोडी उरते. इन्स्ट्रुमेंट क्षणभर बाहेर काढलं की पिक्चर साफ झालं, तर उत्तर मिळालं. बाहेरच्या तोटीला क्लँप राहिलेला असणं आणि ड्रेपच्या खिशाची जाळी चरबीने बुजणं, ही आपल्या हातातली दोन कारणं आधी निपटा. छेद वाढवणं हा निर्णय सर्जनचा. आपण फक्त मोठ्याने सांगायचं: "सर, बाहेर पाणी येत नाहीये."

बाहेरच्या वाटेला थेट जोरदार सक्शन लावणं मला पटत नाही. पाणी खेचलं की आतली जागा मिटते, बारीक शिरा ओढल्या जाऊन जास्त वाहतात आणि बाहेरून हवा शिरून बुडबुडे होतात. पाणी उताराने आपोआप पडू द्यावं. छिद्र बोटाने बंद करून पिक्चर साफ करण्याची युक्ती खांद्याच्या आर्थ्रोस्कोपीतून आली आहे. मणक्यात तीच युक्ती दाब थेट एपिड्युरल जागेत (ड्युराच्या लगत बाहेर) चढवते.

७. दर आठवड्याला तीच टीप चोक

असं असेल तर दोष ओटीत नाही, धुण्यात आहे. वापरल्यावर टीप तशीच वाळू दिली की आतला थर घट्ट बसतो आणि ऑटोक्लेव्ह त्याला निर्जंतुक करेलच असा भरवसा उरत नाही. केस संपताच आतून निर्जंतुक पाणी खेळवा. सलाईनमध्ये भिजत ठेवू नका, मिठाने स्टीलला खड्डे पडतात आणि पुढचा थर त्या खड्ड्यांनाच धरतो. सीएसएसडीत (रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात) एन्झाइमचं द्रावण, पोकळीच्या मापाचा ब्रश (सैल ब्रश नुसताच फिरून येतो), शेवटी आरपार उजेड धरून बघणं. वाकलेल्या टीपेतून उजेड दिसत नाही, तिथे पांढऱ्या कापडावर पाण्याची धार मारून कण येतात का बघा. आत खड्डा, गंज किंवा चेपलेली जागा असेल तर ती टीप रद्द. एकदाच वापरायची म्हणून आलेली टीप धुऊन पुन्हा वापरली जात असेल तर तिच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, ती त्यासाठी बनलेलीच नाही.

कुठे थांबायचं

पेशंट जागा असेल आणि मान दुखतेय, डोकं दुखतंय म्हणाला. भूल दिलेल्या पेशंटचा रक्तदाब अचानक उसळला, नाडी मंदावली, झटका आला. पोट किंवा कूस फुगून घट्ट लागली: यातलं काहीही दिसलं की बिघाड शोधणं बंद. क्लँप लावून पाणी आत जाणं ताबडतोब थांबवा आणि सर्जन व भूलतज्ज्ञ दोघांना त्याच क्षणी सांगा. ड्युरा फाटल्याचं सर्जन म्हणाले तरी पाण्याच्या दाबाबद्दल लगेच विचारा, आता तो दाब थेट आत पोचू शकतो.

भिंतीजवळ मुडपूनही काटा चढत नसेल तर राखीव पोर्टेबल सक्शन लावा आणि बायोमेडिकल इंजिनीअरला बोलवा. रेग्युलेटर आपण उघडायचा नाही. एकाच वेळी शेजारच्या ओटीतही ओढ कमी झाली असेल तर दोष प्लँटकडे आहे, ओटी इनचार्जला कळवा. रेग्युलेटरमध्ये द्रव गेल्याचं दिसलं तर, तो अजून चालत असला तरी, काढून चिठ्ठी लावा. पंपाने एरर दाखवून दाबाचा आकडा देणं बंद केलं तर त्याला बंदचालू करून रेटत बसू नका, सर्जनला विचारून ग्रॅव्हिटीवर या.

इंजिनीअरला फोन करताना "सक्शन चालत नाही" एवढंच सांगू नका. नळी मोकळी असताना काटा किती, नळी बंद असताना किती, रेग्युलेटरपाशी मुडपल्यावर किती, हे तीन आकडे आणि आउटलेटचा नंबर द्या. कुठला सुटा भाग सोबत आणायचा ते त्याला तेवढ्यावरून ठरवता येतं.